पुल्चिनेल्ला आणि दहावी सिंफनी : एका मैफलीची पूर्वतयारी, नवख्या श्रोत्यांसाठी

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीला प्रथमच जाणाऱ्या अनेकांना एक भीती असते. दोन तास चालणाऱ्या, शब्द नसलेल्या संगीतात आपण नेमके काय ऐकायचे, हे कळणार नाही असे त्यांना वाटते. ही भीती घालवण्यासाठी सोप्या, गोड रचनांचा कार्यक्रम निवडावा असा सल्ला बहुतेक वेळा दिला जातो. मला तो पटत नाही. इगोर स्ट्राविन्स्कीच्या 'पुल्चिनेल्ला' या बॅलेतील संगीत पूर्वार्धात आणि दमित्री शोस्ताकोविचची दहावी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी अनेक भागांत लिहिलेली दीर्घ रचना, उत्तरार्धात, असा कार्यक्रम आपल्या शहरात असेल तर नवख्या श्रोत्याने तो अवश्य निवडावा. पूर्वार्धातले संगीत लहान आकाराचे आणि इतके स्वच्छ आहे की एकेक वाद्य वेगळे ऐकण्याची सवय त्यातून लागते आणि उत्तरार्धातली जवळजवळ तासाभराची काळोखी सिंफनी त्या सवयीच्या बळावर ऐकता येते. ही तयारी कशी करावी ते पुढे क्रमाने सांगितले आहे.

तिकीट काढण्यापूर्वी

कार्यक्रमपत्रिकेत 'पुल्चिनेल्ला' नेमका कोणत्या रूपात आहे ते प्रथम पाहावे. मूळ बॅलेत तीन गायक आहेत आणि ती रचना पाऊण तासाच्या आसपास चालते. मैफलींत बहुधा तिचा 'स्वीट', म्हणजे निवडक भागांची वाद्यवृंदासाठी केलेली मालिका, वाजवला जातो. त्याचे आठ भाग मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पूर्वार्धात केवळ हा स्वीट असेल तर तो लवकर संपतो, म्हणून पुष्कळदा त्याच्या जोडीला एखादा कॉन्चेर्तो, म्हणजे एकलवादक आणि वाद्यवृंद यांची रचना, असतो. दहाव्या सिंफनीला पन्नास ते पंचावन्न मिनिटे लागतात. मध्यंतर धरून घरी परतायला किती उशीर होईल याचा अंदाज यावरून बांधता येईल. मुंबईत शेवटची लोकल गाठायची असेल तर हा हिशेब आधीच केलेला बरा.

जागा निवडताना पुढच्या रांगांचा मोह टाळावा. अगदी पुढे बसले की व्हायोलिनवादकांच्या पाठीमागचे काहीच दिसत नाही आणि या कार्यक्रमात तर मागे बसलेल्यांकडेच, म्हणजे ओबो, बॅसून, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट ही फुंकून वाजवायची वाद्ये आणि तालवाद्ये यांच्याकडे, विशेष लक्ष द्यायचे आहे. सज्ज्यातली मधली जागा बहुतेक सभागृहांत स्वस्त असते आणि तिथून संपूर्ण रंगमंच नकाशासारखा समोर दिसतो. नवख्या श्रोत्याला डोळ्यांची मदत फार होते, कारण कोणाचे ओठ वाद्याला लागले आणि कोणाचा गज वर उचलला गेला हे दिसले की कान आपोआप तिकडे वळतो.

मुंबईकरांना यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) या कलाकेंद्रात 2006 साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद आहे आणि तो तेथील जमशेद भाभा नाट्यगृहात वाजवतो. लंडन, बॉस्टन, सिडनी किंवा म्युनिक येथे राहणाऱ्या मराठी मंडळींना तर असे कार्यक्रम बहुतेक प्रत्येक हंगामात ऐकायला मिळू शकतात.

आठवडाभर आधी : दोन माणसांची ओळख

इतिहास पाठ करून जाण्याची आवश्यकता नाही, परंतु या दोन रचनांमागची परिस्थिती ठाऊक असली तर ऐकण्याला दिशा मिळते.

स्ट्राविन्स्कीचा जन्म 1882 सालचा, सेंट पीटर्सबर्गजवळचा. पॅरिसमध्ये सेर्गेई द्यागिलेव्हच्या 'बॅले रूस' या मंडळीसाठी त्याने 'फायरबर्ड', 'पेत्रुश्का' आणि 1913 साली प्रेक्षागृहात प्रचंड गोंधळ उडवून देणारे 'राइट ऑफ स्प्रिंग' लिहिले. या रचनांसाठी त्याला अवाढव्य वाद्यवृंद लागला होता. पुढे पहिले महायुद्ध आणि रशियातील क्रांती झाली आणि तो मायदेशाला मुकला. त्या काळात द्यागिलेव्हने त्याच्यापुढे अठराव्या शतकातील काही इटालियन हस्तलिखिते ठेवली. ती जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेसीची आहेत अशी तेव्हा समजूत होती. त्यांतली बरीच डोमेनिको गाल्लो, व्हान वासेनार अशा इतरांची होती हे पुढे उघड झाले. स्ट्राविन्स्कीने मूळ चाली आणि त्यांच्या खालची मंद्र स्वरांची ओळ बऱ्याच अंशी तशीच ठेवली, मात्र मधली स्वरसंगती, आघातांच्या जागा, वाक्यांची लांबी आणि वाद्यांची निवड आपल्या मनाप्रमाणे बदलली. 15 मे 1920 रोजी पॅरिस ऑपेरात 'पुल्चिनेल्ला' प्रथम सादर झाले. नृत्यरचना लेओनीद मासीनची होती, नेपथ्य आणि वेशभूषा पाब्लो पिकासोची होती आणि संचालन एर्नेस्ट आन्सर्मे यांनी केले. भूतकाळातल्या सुबक आकारांना हाताशी धरून आधुनिक संगीत लिहिण्याच्या ज्या पद्धतीला नवअभिजातवाद म्हणतात, तिची स्ट्राविन्स्कीच्या बाबतीत सुरुवात या बॅलेपासून मानली जाते.

शोस्ताकोविच त्याच्यापेक्षा चोवीस वर्षांनी लहान. त्याचाही जन्म सेंट पीटर्सबर्गचाच, 1906 सालचा, परंतु तो देश सोडून गेला नाही. जानेवारी 1936 मध्ये 'प्रावदा' या सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्राने त्याच्या 'लेडी मॅकबेथ' या ऑपेरावर निनावी लेखातून झोड उठवली. ज्या काळात माणसे रात्रीतून नाहीशी होत होती, त्या काळात अशा लेखाचा अर्थ काय होतो हे त्याला पुरते कळले आणि तयार झालेली चौथी सिंफनी त्याने मागे घेतली. ती 1961 पर्यंत वाजली नाही. फेब्रुवारी 1948 मध्ये पक्षाच्या ठरावाने त्याच्यावर आणि प्रोकोफिएव्हसारख्या इतर संगीतकारांवर पुन्हा 'फॉर्मलिझम'चा, म्हणजे लोकांपासून तुटलेल्या आकारवादाचा, आरोप ठेवला. त्याची अध्यापनाची पदे गेली. नववी सिंफनी 1945 सालची आहे, त्यानंतर आठ वर्षे त्याने एकही सिंफनी लोकांसमोर आणली नाही. 5 मार्च 1953 रोजी स्टालिन मरण पावला, त्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत शोस्ताकोविच दहाव्या सिंफनीवर काम करत होता आणि 17 डिसेंबर 1953 रोजी लेनिनग्राडमध्ये येव्हगेनी म्राविन्स्कीच्या संचालनाखाली ती प्रथम वाजली.

एक इशारा येथेच देतो. या सिंफनीचा दुसरा भाग म्हणजे स्टालिनचे स्वरांतून रंगवलेले व्यक्तिचित्रच आहे, असे अनेक कार्यक्रमपत्रिका ठामपणे सांगतात. हे विधान 1979 साली सोलोमन व्होल्कोव्ह यांनी शोस्ताकोविचच्या आठवणी म्हणून प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून आले आहे आणि त्या पुस्तकाच्या विश्वासार्हतेबद्दल अभ्यासकांत तीव्र मतभेद आहेत. ते खरे असेल किंवा नसेल, पण ऐकताना मिशीवाला माणूस शोधत बसू नये. तसे केले की प्रत्यक्ष कानावर पडणाऱ्या स्वरांकडे दुर्लक्ष होते आणि या संगीताची दहशत तर त्या स्वरांतच आहे.

घरी करण्याचा एक सराव

संपूर्ण सिंफनी आधी दहा वेळा ऐकण्यापेक्षा हा लहान सराव अधिक उपयोगी पडतो. हार्मोनियम, कीबोर्ड किंवा फोनवरील पियानोचे ॲप घ्यावे आणि पांढरी एकला (दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीलगत डावीकडे असलेल्या पांढऱ्या पट्टीला) सा मानून सा, रे, कोमल ग हे तीन स्वर सावकाश चढते वाजवावेत. दहाव्या सिंफनीच्या पहिल्या तीन भागांचा आरंभ याच चढत्या तीन पावलांतून होतो. प्रत्येक वेळी सा बदलतो, गती बदलते, वाद्ये बदलतात, पण पावले तीच राहतात. पहिल्या भागात ती चेलो आणि डबल बेस या मोठ्या तंतुवाद्यांच्या खर्जात अंधारात चाचपडल्यासारखी येतात, दुसऱ्यात अंगावर धावून येतात आणि तिसऱ्यात जपून, बिचकत टाकलेली वाटतात.

आता त्याच पांढरी एकवर रे, कोमल ग, सा आणि खालचा शुद्ध नी हे चार स्वर या क्रमाने वाजवावेत. जर्मन पद्धतीने लिहिल्यास या चार स्वरांची नावे डी, एस, सी, एच अशी होतात आणि संगीतकाराच्या नावाचे आद्याक्षर व आडनावाची जर्मन लेखनातली पहिली तीन अक्षरे हीच आहेत. शोस्ताकोविचने स्वरांत केलेली ही स्वतःची सही आहे. तीत आपण आधी वाजवलेले तिन्ही स्वर आहेत, केवळ क्रम बदलला आहे आणि खाली एक अस्वस्थ नी जोडला आहे. म्हणजे सही तिसऱ्या भागात उघड होत असली, तरी तिचे धागे पहिल्याच ओळीत पडलेले असतात. राग ऐकण्याची सवय असलेल्या माणसाला हे पकडायला फारसे कष्ट पडत नाहीत. उलट, चार स्वरांची पकड लक्षात ठेवून तिची येण्याची वाट पाहणे ही मराठी श्रोत्याची जुनी सवय आहे आणि ती येथे पुरेपूर कामी येते. हे चार स्वर गुणगुणता येईपर्यंत सराव करावा, तेवढे पुरे आहे.

ध्वनिमुद्रण ऐकायचेच असेल तर दहाव्या सिंफनीसाठी म्राविन्स्कीचे लेनिनग्राड फिलहार्मोनिकसोबतचे किंवा हर्बर्ट फॉन कारायानचे बर्लिन फिलहार्मोनिकसोबतचे निवडावे. कारायानने 1969 साली ही सिंफनी मॉस्कोत शोस्ताकोविचच्या उपस्थितीत वाजवली होती. 'पुल्चिनेल्ला'साठी क्लाउदिओ आब्बादोने लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत केलेले संपूर्ण बॅलेचे मुद्रण सुंदर आहे.

सभागृहात

अर्धा तास आधी पोहोचावे. उशिरा येणाऱ्यांना रचना चालू असताना आत सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे. फोन मूक न करता पूर्ण बंद करावा, कारण या सिंफनीत काही जागी एकच बासरी अगदी हलक्या आवाजात वाजत असते आणि मांडीवरच्या फोनची थरथरही दोन रांगांपर्यंत ऐकू जाते. खोकल्याची गोळी वेष्टनातून आधीच काढून ठेवावी.

टाळ्यांविषयी नवख्यांच्या मनात सर्वांत जास्त धास्ती असते. आपल्या मैफलीत जागच्या जागी दाद दिली जाते, येथे संपूर्ण रचना संपेपर्यंत थांबण्याचा रिवाज आहे. स्वीटचे आठ भाग मोजत बसण्याची गरज नाही. संचालकाचे हात पूर्ण खाली आले आणि तो श्रोत्यांकडे वळला की टाळ्या वाजवाव्यात. सिंफनीच्या दुसऱ्या भागानंतर टाळ्या वाजवण्याचा मोह अनावर होतो, तेथे विशेष सांभाळावे.

पूर्वार्ध : काय आहे आणि काय नाही

वाद्यवृंद मंचावर आला की माणसे किती आहेत ते पाहावे. 'पुल्चिनेल्ला'साठी साधारण तीस-पस्तीस वादक पुरतात. तंतुवाद्ये दोन गटांत विभागलेली असतात, पाच एकलवादकांचा एक लहान गट आणि बाकीच्यांचा मोठा. त्यांच्या मागे बासऱ्या, ओबो, बॅसून, दोन फ्रेंच हॉर्न, एक ट्रम्पेट आणि एक ट्रॉम्बोन असतात. क्लॅरिनेट एकही नाही आणि तालवाद्येही नाहीत, टिंपनी, म्हणजे ठरावीक स्वरांत लावलेले नगारे, तेसुद्धा नाहीत. ही अनुपस्थिती मुद्दाम लक्षात ठेवावी, उत्तरार्धात तिचा उपयोग होणार आहे.

बॅलेची कथा नेपल्सच्या जुन्या मुखवटा-नाट्यातली आहे. पुल्चिनेल्लावर गावातल्या मुली भाळतात, त्यांचे प्रियकर चिडून त्याला मारायला उठतात, तो मेल्याचे सोंग घेतो आणि अखेरीस सगळ्यांची लग्ने लागतात. स्वीट ऐकताना ही कथा विसरली तरी चालते.

पहिला भाग 'सिन्फोनिया' ऐकताना आपण एखाद्या अठराव्या शतकातील दरबारात आहोत असे वाटेल, तरीही मधूनच एखादा स्वर किंचित बाजूला सरकलेला, एखादा आघात अपेक्षेच्या अलीकडे पडलेला जाणवेल. अशा जागांवर कान ठेवावा, स्ट्राविन्स्की तेथेच आहे. दुसऱ्या भागात ओबो एक संथ, हेलकावे घेणारी चाल वाजवतो. ती खरोखर पेर्गोलेसीची आहे, त्याच्या एका ऑपेरातील. पुढे 'गाव्होत्ता' ही जुन्या नृत्यप्रकारातली चाल आणि तिची दोन रूपांतरे येतात, त्यांत तंतुवाद्ये पूर्णपणे थांबतात आणि केवळ सुषिर वाद्ये वाजतात. ओबो आणि बॅसून यांच्या आवाजातला फरक शिकण्यासाठी याहून चांगली जागा नाही.

त्यानंतरचा 'व्हीव्हो' हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. मूळ चाल चेलोसाठी लिहिलेली होती. स्ट्राविन्स्कीने ती ट्रॉम्बोन आणि एकल डबल बेस यांच्यात वाटून दिली. ट्रॉम्बोनवादक नळी पुढेमागे सरकवून स्वरावरून स्वरावर घसरत जातो, डबल बेसवादक आपल्या प्रचंड वाद्याच्या उंच पट्टीत बोटे ताणून तीच चपळाई दाखवू पाहतो आणि उरलेला वाद्यवृंद त्यांना ठसक्यात साथ देतो. हा प्रकार दीड मिनिटात आटोपतो. या वेळी डबल बेसवादकाच्या डाव्या हाताकडे पाहावे, एरवी भिंतीसारखे मागे उभे राहणारे हे वाद्य इतके बोलके होऊ शकते याचे आश्चर्य वाटते. अखेरचा मिन्युएट, हाही जुना नृत्यप्रकारच, हळूहळू भारी होत जातो आणि त्यातूनच झपाट्याने समारोपाचा भाग सुरू होतो.

मध्यंतर

बाहेर जाण्यापूर्वी पाच मिनिटे जागेवर थांबावे. कर्मचारी खुर्च्या आणि स्वरलेखनाचे स्टँड वाढवू लागतात. मागच्या बाजूला टिंपनी, स्नेअर ड्रम, मोठा ढोल, झांजा, झायलोफोन आणि मोठी घंटाथाळी यांची मांडणी होते. चार हॉर्न, तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा आणि तीन क्लॅरिनेट यांच्यासाठी जागा होते. आपण आता कोणत्या आकाराच्या संगीताला सामोरे जाणार आहोत हे या हालचालींवरून समजते. चहा नंतर घेतला तरी चालेल, पण पाणी पिऊन यावे, कारण पहिलाच भाग बावीस ते पंचवीस मिनिटांचा आहे.

उत्तरार्ध : चार भाग, चार वेगळ्या तऱ्हेचे ऐकणे

पहिल्या भागात घाई करू नये. चेलो आणि डबल बेस खालच्या खालीच फिरत राहतात, बराच वेळ फक्त तंतुवाद्ये असतात आणि मग एकटा क्लॅरिनेट गाऊ लागतो. पूर्वार्धभर जे वाद्य नव्हते त्याचा हा आवाज आहे, म्हणूनच तो इतका उबदार आणि इतका एकाकी वाटतो. पुढे बासरी आपल्या खालच्या पट्टीत एक अस्वस्थ, वॉल्ट्झसारखी चाल आणते. या साध्या साहित्यातून शोस्ताकोविच जो ताण उभा करतो त्याची रीत विलंबित ख्यालाच्या बढतीशी जुळणारी आहे. एकाच स्वरसमूहाभोवती राहून तो थरावर थर चढवत नेतो आणि भागाच्या मध्यावर आवाज अशा शिखराला पोहोचतो की तो ओसरायलाही कित्येक मिनिटे लागतात. शिखर येण्याआधी एकदा संचालकाकडे पाहावे. चांगला संचालक येथे हात आवरता ठेवतो, कारण सगळे बळ आधीच खर्च झाले तर शिखराला काही उरत नाही. अगदी शेवटी दोन पिकोलो, म्हणजे बासरीकुलातील सर्वांत लहान आणि कर्कश होऊ शकणारी वाद्ये, अत्यंत हळू वाजतात. खर्जात सुरू झालेले संगीत तारसप्तकाच्या टोकावर येऊन थांबते.

दुसरा भाग जेमतेम चार मिनिटांचा असतो. तो जवळजवळ पूर्णपणे जोरात वाजतो. स्नेअर ड्रमवर नजर ठेवावी, बाकी काही करू नये.

तिसऱ्या भागात खरे लक्ष देण्याची वेळ येते. तंतुवाद्यांच्या जपून टाकलेल्या पावलांनंतर सुषिर वाद्यांत ते चार स्वर येतात, रे, कोमल ग, सा, नी. घरी सराव केला असेल तर ते ऐकताच ओळखू येतील. मग एकटा फ्रेंच हॉर्न पाच स्वरांची हाक देतो. काळी चार आणि काळी पाच यांच्या मधल्या पांढरी सहाला सा मानले तर ही हाक प, सा, प, म, सा अशी होते. वाद्यवृंद बदलत राहतो, ही हाक मात्र बदलत नाही, हॉर्न ती बारा वेळा देतो. ही स्वरावली शोस्ताकोविचची विद्यार्थिनी, अझरबैजानी पियानोवादक व संगीतकार एल्मिरा नाझिरोवा हिच्या नावावरून घेतली असल्याचे त्याने तिला लिहिलेल्या पत्रांवरून अनेक दशकांनी कळले. हाकेला उत्तर मिळते का, हे प्रत्येकाने आपल्या कानांनी ठरवावे. माझ्या कानाला ते मिळत नाही, संगीतकाराची सही आणि ही हाक एकमेकांच्या जवळून जातात, पण एक होत नाहीत. हे मला दुसऱ्या भागातल्या सगळ्या गर्जनेपेक्षा अधिक हादरवून टाकते.

चौथा भाग संथ सुरू होतो, ओबो, बासरी आणि बॅसून आळीपाळीने एकटे बोलतात. मग अचानक वेगवान, जवळजवळ खेळकर संगीत उसळते. त्याच्या मध्यात दुसऱ्या भागाची आक्रमकता परत डोके वर काढते आणि तेवढ्यात संपूर्ण वाद्यवृंद एकमुखाने सहीचे चार स्वर फोडतो. अखेरीस टिंपनीही तेच चार स्वर बडवत राहते आणि सिंफनी उजळ मेजर स्वरसंगतीत संपते. हा विजय आहे की जिवंत राहिल्याचा आकांत आहे, यावर 1954 साली सोव्हिएत संगीतकार संघात मोठी चर्चा झाली होती. मला तो विजय वाटत नाही. चार स्वर पुन्हा पुन्हा बडवण्यात आनंदापेक्षा हट्ट अधिक ऐकू येतो, आणि आठ वर्षे गप्प बसवलेल्या माणसाचा तो हट्ट मला फार मोलाचा वाटतो.

नंतर काय ऐकावे

त्याच रात्री लगेच ध्वनिमुद्रण लावू नये. दोन-तीन दिवसांनी केवळ तिसरा भाग पुन्हा ऐकावा, सभागृहात निसटलेल्या हॉर्नच्या काही हाका तेव्हा सापडतात. शोस्ताकोविचने मोइसेई वाइनबर्गसोबत 1954 साली एकाच पियानोवर चार हातांनी वाजवलेले या सिंफनीचे मुद्रण उपलब्ध आहे. वाद्यांचे रंग काढून घेतल्यावर रचनेचा सांगाडा त्यात उघडा दिसतो, म्हणून ते तिसऱ्या-चौथ्या ऐकण्यासाठी राखून ठेवावे. स्ट्राविन्स्कीच्या बाजूने पुढची पायरी म्हणून गायकांसह संपूर्ण 'पुल्चिनेल्ला' ऐकावे आणि त्यानंतर 1928 सालचा, केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेला 'अपोलो' हा बॅले घ्यावा. शोस्ताकोविचच्या बाजूने 1937 सालची पाचवी सिंफनी आधी आणि 1943 सालची आठवी नंतर, असा क्रम ठेवावा. आठवी अधिक लांब आणि अधिक कठोर आहे, ती दहावीच्या आधी ऐकली तर नवखा श्रोता दमून जाण्याची शक्यता असते.